खालचं टोक

बावीस वर्षांत ती अकराशेच्या वर लढती हरली आणि चुकूनसुद्धा एकही जिंकली नाही. इतकी सचोटी आजकाल कुठल्या धंद्यात उरली आहे, सांगा. पोस्टरवर तिचं नाव होतं कर्दनकाळ. हे बारसं मालकाने केलेलं. हरणारीचं नाव जेवढं भयंकर तेवढी जिंकणारीची शान मोठी, असं त्याचं शास्त्र. तर ही कर्दनकाळ दर रविवारी सात ते आठच्या दरम्यान कुणाच्या तरी पायाशी आडवी झालेली असायची आणि लोक समाधानाने घरी जायचे.

आता कुणी शहाणा म्हणेल, असल्या कुस्त्या आधीच ठरलेल्या असतात. असतात ना. कपडे बदलायच्या खोलीत, मोरीच्या दाराशेजारी, मालक दुपारीच कागद डकवायचा. डावीकडे जिंकणारे, उजवीकडे हरणारे, मध्ये कोणी काय करायचं ते. आपलं नाव कुठे आहे हे कर्दनकाळला बघावं लागत नसे. ती फक्त डावीकडे कोण आहे ते बघायची आणि त्याप्रमाणे मलमाची बाटली काढून ठेवायची.

पण कुस्ती ठरलेली आहे हे फळ्यांना कोण सांगणार? लाकडी फळ्या, वर बोटभर जाडीची गादी, त्यावर ताणलेलं कापड, आणि त्यावर नव्वद किलोची बाई पाठीवर आपटते. वर पुन्हा दुसरी बाई तिच्या अंगावर उडी घेते, तिला लागू नये म्हणून हिनेच झेलायचं, आणि झेलता झेलता मेले मेले असा चेहराही करायचा. डोक्यावर उचलून फेकायचं म्हणतात ना, त्यात निम्मी उडी उचलली जाणारीच मारते. टाळ्या उचलणारीला. बावीस वर्षांत हिच्या अंगावर पडून एकाही पोरीचं हाड मोडलं नाही. हिची स्वतःची तीन मोडली, पण ती काही पोस्टरवर छापत नाहीत.

त्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला मनगटाचा. समोरचीने मनगट एकदा दाबलं तर मी तयार आहे, दोनदा दाबलं तर खरंच लागलंय, मला हलवू नकोस. दुसरा नियम पंचाचा. खांदे गादीला टेकले की पंचाने मोजायला लागायचं, आणि कुणी उठलं नाही तर तीनपर्यंत मोजायचंच, मग कागदात काहीही असो. मध्येच थांबला तर सगळ्यांना कळेल की सगळं ठरलेलं आहे. जसं काही लोकांना ते माहीतच नव्हतं.

माहीत नव्हतं ते फक्त तिच्या आत्याला. ती दर रविवारी तिसऱ्या रांगेत छत्री घेऊन बसायची आणि भाचीला पाडणारीला सात पिढ्यांसकट उद्धरायची. एकदा तर तिने दोरातून छत्री घालून एका विजेतीला ढोसलंसुद्धा. मालकाने पुढच्या रविवारी तिची खुर्ची दुसऱ्या रांगेत आणली, कारण आत्याला बघायलाही लोक येत होते.

वडील मात्र बावीस वर्षांत एकदाही फिरकले नाहीत.

वडिलांचा धंदा सामान हलवायचा. कपाटं, पलंग, पियानो, लोकांची घरंच्या घरं त्यांनी पाठीवरून जिन्याने चढवली-उतरवली. आता गुडघे गेले होते, पण ओझ्याला बांधायचा जाड कापडी पट्टा अजून कमरेला गुंडाळलेला असायचा. त्यांच्या मते जगात दोनच कामं, वजनाची आणि बिनवजनाची. लेकीचं काम दुसऱ्या जातीतलं. "पडायचीच हौस असेल तर आपल्या जिन्यात पड," ते म्हणायचे, "तिकीट काढून कशाला लोकांना त्रास?"

ती हसण्यावारी न्यायची. पण या बोलण्याचं मूळ तिला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटायचं.

लहानपणी आई गेल्यावर ती वडिलांच्या हाताखाली काम करायची. जिन्यातून सामान उतरवताना दोन टोकं असतात. वरच्या टोकाचा माणूस दिसतो, बोलतो, घरमालकाचा चहा पितो. सगळं वजन येतं खालच्या टोकावर, आणि तिथला माणूस ओझ्यामागे झाकलेला असतो. ती खालचं टोक धरायची. तेराव्या वर्षापासून, आणि उत्तम धरायची. पंधराव्या वर्षी एका तीन मजली घरातून आरशाचं कपाट उतरवताना वरून काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि कपाट सुटलं. ती बाजूला झाली. भिंतीला चिकटून उभी राहिली, आणि कपाट तिच्या नाकासमोरून खाली जाऊन फुटलं. वडील एक शब्द बोलले नाहीत. काचा गोळा केल्या, घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाला कामावर घेतलं. त्यानंतर तिच्या हातात त्यांनी कधी टोक दिलं नाही.

एवढं पुरे होतं. आपण ऐन वेळी सोडून पळणारी आहोत असं बापाचं मत झालंय, हे तिने मनाशी पक्कं केलं. सहा वर्षं इकडे-तिकडे हमाली केली आणि एकदा या हॉलवर बाकं पोचवायला आली. तिने एक बाक एकटीने उचललेलं मालकाने पाहिलं, आणि त्या दिवसापासून ती लोकांना अंगावर घेत राहिली. सुटलेलं काहीही. बाजूला न होता. कुणाला दाखवायला, ते सांगायला नको.

त्रेचाळिसाव्या वर्षी मान आखडली. डॉक्टरने फोटो काढून बघितला आणि विचारलं, "काम काय करता?" तिने सांगितलं. "मग करत होतात म्हणा," डॉक्टर म्हणाला.

मालकाला हे कळल्यावर त्याला एकदम उमाळा आला. "शेवटची लढत तू जिंकायचीस," तो म्हणाला. उमाळ्याचं कारण वेगळं होतं. त्याची नवी सून नुकतीच रिंगमध्ये उतरली होती. नाव ठिणगी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं, महिनाभरात तिचं पोस्टर सगळ्यांत मोठं झालं होतं. पण सलग जिंकणाऱ्या पोरीचा लोकांना कंटाळा येतो. एकदा हरली, रडली, की पुढचे सहा महिने बदला घेता येतो. त्यासाठी हरवणारी कुणीतरी हवी, आणि जी पुन्हा दिसणार नाही अशी हवी. कर्दनकाळला हे सगळं कळत होतं. तरी त्या रविवारी कागदावर डावीकडे आपलं नाव तिने तीनदा वाचलं. पदरात पडलं ते पवित्र.

आदल्या आठवड्यातच ती वडिलांसमोर बसली होती.

"बाबा, रविवारी संध्याकाळी शेवटची लढत आहे. तुम्ही या."

"कुणाकडून पडणार आहेस?"

"पडणार नाही. जिंकणार आहे."

"कोण म्हणतं?"

"मालक."

"म्हणजे जिंकणंही दुसऱ्याच्या मर्जीने," वडील म्हणाले. मग त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. "जिन्याला कठडा आहे का?"

कठडा आहे, ती म्हणाली. म्हणजे ते येणार, हे तिला तेवढ्यावरून कळलं. बापाने आपल्याला एकदा उभं बघावं, एवढंच तिला हवं होतं. खोटं तर खोटं, पण उभं.

ठिणगीला वरच्या दोरावरून उडी मारायला महिनाभर तिनेच शिकवलं होतं. पोरगी वाईट नव्हती, फक्त फोटो फार काढून घ्यायची. लढतीच्या दिवशी ती सासऱ्याने दिलेले नवे चंदेरी बूट घालून आली.

"तळवे दगडावर घासलेस का?" कर्दनकाळने विचारलं. नवा बूट खरखरीत दगडावर घासल्याशिवाय कुणी दोरावर चढत नाही, नाहीतर गुळगुळीत तळवा सटकतो.

"घासले ना, ताई," ठिणगी म्हणाली. घासले नव्हते. चंदेरी रंग कडेने जाईल म्हणून तिने एकदा पायपुसण्यावर पाय पुसला होता.

कागदावर मालकाच्या अक्षरात शेवटची ओळ होती: ठिणगी दोरावरून उडी मारते, कर्दनकाळ बाजूला होते. ठिणगी पोटावर पडते, कर्दनकाळ तिला दाबते, एक, दोन, तीन. बाजूला होते, हे दोन शब्द वाचून तिला जरा कसंतरी झालं, पण जिंकायचं म्हटल्यावर एवढं चालायचंच.

वडील दुसऱ्या रांगेत आत्याशेजारी बसले होते, हात मांडीवर, भाडं ठरवायला आल्यासारखे. सहा मिनिटं सगळं कागदाबरहुकूम झालं. सातव्या मिनिटाला ठिणगी वरच्या दोरावर चढली, दोन्ही हात पसरले, हॉल ओरडला, आणि तिचा डावा बूट सटकला.

हे फक्त तीन माणसांना दिसलं. एक ठिणगी, एक कर्दनकाळ, आणि दुसऱ्या रांगेतला, चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पाय बघत जिने उतरलेला म्हातारा. उडी पोटावर येणार नव्हती. पोरगी डोक्यावर येत होती. कागदाप्रमाणे बाजूला झालं असतं, तर कर्दनकाळ जिंकली असती आणि पोरीची मान गेली असती.

ती पोरीच्या खाली गेली. दोन्ही हात वर करून तिने पोरीचं डोकं छातीशी घेतलं, आणि तिला घेऊन सपाट पाठीवर पडली. फळ्या अशा वाजल्या की पहिली रांग उठून उभी राहिली. मग तिच्या मनगटावर दोनदा दाब आला. बारीक, घाबरलेला.

पंच जवळ सरकला. खांदे टेकलेले होते, आणि ते कर्दनकाळचे होते. एक, तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघितलं. उठ ना, असं त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. उठायला तिला काय लागत होतं, एक झटका. पण झटका दिला की अंगावरची मान हलणार. दोन, तो म्हणाला, जितकं लांबवता येईल तितकं लांबवून. तिने ठिणगीचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं आणि छताकडे बघत राहिली.

तीन.

लोक खूश. कर्दनकाळ शेवटपर्यंत हरली, आणखी काय हवं. आत्याने छत्री उघडली आणि बंद केली.

वर कपडे बदलायच्या खोलीत डॉक्टरने ठिणगीची मान तपासली आणि मुरगळलीय, मोडली नाही, असं सांगून पट्टी बांधली. ठिणगी कर्दनकाळचा हात सोडायला तयार नव्हती. "ताई, मी घासले नव्हते," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मालक आला, सुनेकडे बघितलं, मग कर्दनकाळकडे.

"एक ओळ वाचता येत नाही तुला? माझा सहा महिन्यांचा बदला बुडवलास."

"मालक, तुमच्या सुनेला बूट घासायला शिकवा," ती म्हणाली, "आणि आता खाली जा." बावीस वर्षांत ती त्याला पहिल्यांदा असं बोलली. तो खरंच गेला. सुनेलाही घेऊन गेला.

मग वडील आले. कठडा धरत, एकेक पायरी, मागे आत्या.

"शेवटच्या दिवशी तरी त्या मेल्या पंचाला..." आत्या सुरू झाली.

"तू थांब," वडील म्हणाले. खोलीच्या मधोमध लेकीची पत्र्याची पेटी होती, बावीस वर्षांचे कपडे, बूट, मलमं, पट्ट्या. ते त्या पेटीवर बसले. "वरचीचा पाय सुटला होता."

"हो."

"तुझ्या कागदात काय होतं?"

"बाजूला हो म्हणून."

वडिलांनी मान हलवली. कमरेच्या पट्ट्याचं टोक ते बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"कपाटाच्या वेळी बाजूला झालीस ते बरोबर केलंस. कपाटाखाली कुणी जात नाही."

अठ्ठावीस वर्षांत हा विषय दोघांमध्ये निघाला नव्हता.

"मग पुन्हा कधी टोक का नाही दिलंत मला?"

"पट्टा तुटला होता. माझा. झिजलाय हे मला माहीत होतं, बदलतो बदलतो म्हणत राहिलो. तू तिथे मेली असतीस." ते तिच्याकडे बघत नव्हते. "त्यानंतर तुझ्या हातात टोक द्यायची माझीच हिंमत झाली नाही."

तिला आधी राग आला, खराखुरा. "हे सांगायला एवढी वर्षं लागली तुम्हाला? मी समजत होते, तुम्ही मला पळपुटी समजता."

"तू विचारलं नाहीस."

"तुम्ही बोलला नाहीत."

"दोघंही ठोंबे," आत्या म्हणाली. "बाप तसा आणि लेक तशी. आता ही पेटी इथेच ठेवायची आहे का?"

वडील उठले. कमरेचा पट्टा सोडला, पेटीखालून घेतला, दोनदा ओढून बघितला. तिसऱ्यांदा ओढून बघितला. मग वरच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"धर," ते म्हणाले. "खालचं टोक."

पाठ ठणकत होती, मान वळत नव्हती, आणि डॉक्टर ओरडला असता. तिने टोक धरलं. जिना अरुंद होता. आत्या पुढे छत्रीने पायऱ्या दाखवत होती, जसं काही त्या हलणार होत्या. वळणावर वडील दम घ्यायला थांबले. पेटीआडून ते तिला दिसत नव्हते, फक्त आवाज आला.

"सुटलं तर बाजूला हो हं. पेटीच आहे."

"बरं, बाबा," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहू देत ती एकेक पायरी उतरत राहिली.