तीन सामन्यांत चार गुण

एका सतरा वर्षांच्या मुलाच्या खेळाविषयी मी अकरा ओळी लिहिल्या होत्या. त्यांतली एकही ओळ खोटी नव्हती. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्यात खोटेपणाचा दोष कोणावर येत नाही, माझ्यावरही नाही.

मी तेव्हा सोलापूरहून निघणाऱ्या एका दैनिकाचा उस्मानाबाद जिल्ह्याचा वार्ताहर होतो. त्याआधी दोन वर्षे त्याच दैनिकाच्या संपादकीय खोलीत बसून काम शिकलो होतो. तिथले वृत्तसंपादक नव्या माणसाला फार काही सांगत नसत. जे पाहिले आणि जे मोजले तेवढेच लिही, विशेषण घालावेसे वाटले तर त्याच्यामागे आकडा उभा कर, एवढेच त्यांचे शिक्षण. मला ते पटले होते आणि थोडा अभिमानही होता. जिल्ह्यात आल्यावर तहसील, बाजार, पाणी, अपघात, सभा असे सगळे मी त्याच पद्धतीने लिहीत होतो. बातमीचे पाकीट दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, सोलापूरच्या स्टँडवर आमचा माणूस ते घ्यायचा.

निजामाचे राज्य जाऊन बरीच वर्षे झाली होती. मराठवाडा आधी हैदराबादेत, मग मुंबई राज्यात आणि नुकताच महाराष्ट्रात आला होता. कचेऱ्यांतले जुने उर्दू कागद अजून कपाटांत होते, आणि शाळांचे खेळ औरंगाबादच्या विभागाशी जोडले जात होते. गावातल्या एका हायस्कुलात बास्केटबॉल होता. तो आणला ड्रिल मास्तरांनी. ते हैदराबादेत शिकलेले, बोलण्यात अर्धी उर्दू. बाभळीचे दोन खांब, त्यांवर फळ्या आणि लोहाराकडून वाकवून घेतलेल्या दोन कड्या, एवढ्यावर त्यांनी मुरमाच्या पटांगणात खेळ उभा केला. कड्यांना जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर दर सामन्यात एकदा तरी वाद व्हायचा.

संघात पाच खेळाडू. त्यांतला एक बेंबळीचा, शेतकऱ्याचा मुलगा. बोर्डिंगात राहून शिकत होता. अंगाने बारीक, अनवाणी. मास्तर त्याच्या जागेला गार्ड म्हणत. आपल्या बाजूने चेंडू आपटत पुढे आणायचा, समोरच्यांची मांडणी बघायची आणि खेळ लावून द्यायचा, हे त्याचे काम. कडीत चेंडू टाकायचे काम मुख्यतः एका उंच मुलाचे. तो कचेरीतल्या एका कारकुनाचा मुलगा होता.

दसऱ्यानंतर पटांगण वाळले आणि सामने सुरू झाले. त्या सुमाराला ड्रिल मास्तर माझ्या खोलीवर आले. विभागाच्या संघाची निवड व्हायची होती. निवड समितीला प्रत्येक जिल्ह्यात येणे शक्य नव्हते, म्हणून तिने सुरुवातीच्या तीन सामन्यांवरून केलेली शिफारस मागवली होती. हेडमास्तरांचे पत्र आणि सोबत वर्तमानपत्रात छापून आलेले मूल्यमापन, दोन्ही हवे होते.

"उंच पोराचं काय, ते जाईलच," मास्तर म्हणाले. "माझी फिकीर त्या बेंबळीच्या पोराची आहे. अभ्यासात बेताचा. विभागात खेळला तर व्यायामशिक्षकाच्या कोर्सला त्याला घेतील. बापानं साफ सांगितलंय, यादीत नाव आलं तर मॅट्रिकपर्यंत राहा. नाही आलं तर ज्वारीच्या काढणीला घरी ये, मग परत शाळा नाही."

"मग मी काय करावं म्हणता?"

"त्याचं जरा नीट लिहा."

"नीट म्हणजे?"

"पाहून लिहा, साहेब. दुसरं काय."

मी त्यांना चहा दिला आणि मनात एक रेघ ओढली. मला त्यांचे बोलणे म्हणजे शिफारस वाटली. वार्ताहराकडे शिफारस घेऊन लोक रोज येत, आणि ज्याची शिफारस आली त्याच्याबाबतीत हात आखडता ठेवायचा, अशी मी सवय लावून घेतली होती. त्या मुलासाठी काय पणाला लागले आहे हे मला त्या दिवसापासून ठाऊक होते. ठाऊक आहे म्हणून त्याचा विचार करायचा नाही, असे मी ठरवले.

तीन सामने मी पूर्ण पाहिले. मी आणि बाकी गाव, आम्ही सगळे हुतुतू बघून वाढलेलो. हुतुतूत जो पुढे जातो, शिवतो आणि परत येतो, गुण त्याचा. हातात आलेली संधी दुसऱ्याला देणे असा प्रकार त्या खेळात नाही. पटांगणाच्या भिंतीवर बसलेले लोकही तेच डोळे घेऊन बसले होते. हा मुलगा चेंडू घेऊन तिघांमधून निसटायचा, कडीच्या जवळ यायचा आणि ऐन वेळी चेंडू भलतीकडे द्यायचा. भिंतीवरून आवाज यायचा,

"आरं टाक की! परसाद वाटायलास का?"

"पोस्टमन हाय त्यो. पत्रं लई आनतंय, पन ह्याच्या नावचं एकबी न्हाय."

लोक हसायचे. मीही एकदा हसलो.

टेबलाजवळ फळा होता. त्यावर वर्गातला एक मुलगा खडूने प्रत्येक खेळाडूपुढे त्याचे गुण मांडायचा. एका टाकणीला, म्हणजे चेंडू एकदा कडीतून गेला की, दोन गुण. सामना संपला की मी फळ्यावरून आकडे उतरवून घ्यायचो. तीन सामन्यांनंतर त्या मुलापुढे चार गुण होते. उंच मुलाचे त्याच्या कितीतरी पट.

मी लिहिले ते असे: तीन सामन्यांत चार गुण. चेंडू संघात सर्वांत जास्त वेळ याच्या हातात असतो. कडीजवळ पोचूनही नेम धरण्याचे टाळतो. चपळ आहे. जबाबदारी अजून घेत नाही. वय लहान, पुढील वर्षी पाहावे.

'जबाबदारी घेत नाही' या शब्दांमागे माझ्या मते आकडा उभा होता.

छापून आले त्या दिवशी मास्तरांनी पेपर पटांगणावरच वाचला. घडी घातली. "बैठिए," म्हणाले. चौथा सामना त्याच सकाळी लातूरच्या शाळेशी होता आणि तो पाहायला मी आलो होतो. लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. मास्तरांनी मला भिंतीवर जाऊ दिले नाही. फळ्याशेजारच्या बाकावर बसवले आणि एक कोरा कागद दिला.

"गुण तो लिहितोय. तुम्ही फक्त एवढं लिहा, टाकणी पडली की तिच्या आधी चेंडू कोणाच्या हातात होता."

मी तेवढेच लिहीत गेलो. उंच मुलाने टाकले की एक रेघ, आधी कोणी दिला त्याच्यापुढे दुसरी रेघ. मध्यंतरापर्यंत बहुतेक रेघा एकाच्याच पुढे होत्या, बेंबळीच्या मुलाच्या. मग मला दिसायला लागले. तो चेंडूकडे बघतच नव्हता. डावीकडे बघून उजवीकडे द्यायचा. उंच मुलगा कडीखाली मोकळा उभा राहायचा, कारण त्याच्यावरचे दोघे या पोराच्या मागे ओढले गेलेले असायचे. उत्तरार्धात याचा पाय मुरगळला आणि तो थोडा वेळ बाहेर बसला. तेवढ्या वेळात आमच्या संघाचा चेंडू मधली रेघ चारदा ओलांडू शकला नाही, आणि उंच मुलगा हात वर करून नुसता उभा होता.

सामना संपल्यावर मी मास्तरांना विचारले, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, मास्तर त्याच्या बाजूनं बोलतात."

मी तसेच लिहिले असते. रेघांचा कागद मी खिशात घातला.

त्याच दुपारी मी नवे मूल्यमापन लिहिले आणि एसटीने पाठवले. ते छापले गेले नाही. चार दिवस वाट पाहून मी सोलापूरला गेलो. वृत्तसंपादकांसमोर माझे पाकीट उघडून पडले होते.

"आधीच्या मजकुरात कोणता आकडा चुकला?" त्यांनी विचारले.

"एकही नाही."

"नाव चुकलं? गाव चुकलं?"

"नाही."

"मग दुरुस्ती कशाची छापायची?"

"माझं बघणं चुकलं."

ते हसले नाहीत. "त्याला आपल्याकडे रकाना नाही," म्हणाले. "एका खेळाडूवर एका मोसमात एकदा लिहायचं, हे तुमच्यासकट सगळ्या वार्ताहरांना कळवलेलं आहे. आज तुमच्यासाठी मोडलं तर उद्या प्रत्येक तालुक्यातून एकेक बाप येईल." त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो, बहुधा याच शब्दांत.

परत आल्यावर मी हेडमास्तरांना भेटलो. त्यांनी शिफारसपत्र अजून पाठवले नव्हते. त्यांच्यासमोर माझे कात्रण ठेवलेले होते.

"मास्तर सांगतात मुलगा चांगला आहे," ते म्हणाले. "तुम्हीही आता तेच सांगता. पण छापलेलं हे आहे. माझं पत्र आणि छापलेला मजकूर यांत फरक पडला, तर समिती म्हणेल, हेडमास्तर आपल्या पोराला पुढे करतोय. मग उंच मुलाचंही जायचं."

त्यांनी उंच मुलाचे नाव पहिले घातले आणि बेंबळीच्या मुलाचे दुसरे, 'विचार व्हावा' असे लिहून. मी स्वतः समितीला एक खाजगी पत्र टाकले. त्याचे दोन ओळींचे उत्तर आले: मूल्यमापन छापील असावे, व्यक्तिगत पत्रे विचारात घेता येत नाहीत.

यादी लागली. जिल्ह्यातून एकच नाव होते.

ज्वारी काढणीला आली तेव्हा एका बाजाराच्या दिवशी बेंबळीहून त्याचे वडील आले. मी स्टँडवर पाकीट द्यायला गेलो होतो. मुलगा पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन उभा होता. त्याने मला पाहिले आणि बापाला काहीतरी सांगितले. बाप माझ्याकडे आला. डोक्याला पटका, अंगात धुतलेली बंडी. बंडीच्या खिशातून त्याने माझे कात्रण काढले.

"पेपरवाले सायेब तुमीच का?"

"हो."

"पोराचं नाव छापलंय म्हनं. म्या गावात समद्यास्नी दावलं. पन मला वाचता येत न्हाय. वाचून दावता का?"

मी वाचले. छापले होते तसेच वाचले. एखादा शब्द गाळता आला असता, पण मुलगा शेजारी उभा होता आणि त्याला ते पाठ असणार. बाप मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर त्याने मुलाकडे पाहिले.

"खरं हाय का रं?"

"व्हय," मुलगा म्हणाला. "चारच झाले माझे."

मी म्हणालो, "आकडे खरे आहेत. पण मी लिहिलं ते चुकीचं आहे."

बापाला हे समजले नाही. समजण्यासारखे नव्हतेही. मी त्याला नीट सांगायचे ठरवले. त्या खेळात पाच जण असतात, हा मधून चेंडू आणतो, समोरच्या दोघांना आपल्यामागे ओढतो आणि मोकळ्या माणसाला देतो. दुसऱ्याच्या नावावर जे गुण लागले त्यांतले बहुतेक याने कमावलेले आहेत. हा नसला तर बाकीचे नुसते उभे राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे. सगळ्या संघात चांगला हाच. माझ्या आठवणीत, कोणाची इतकी स्तुती मी त्याआधी तोंडाने केली नव्हती.

बापाने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हंजे राबायचं ह्यानं आन् नाव दुसऱ्याचं."

"तसं नाही. खेळच तसा आहे."

"आसंल. मी कुटं न्हाय म्हनतो." त्याचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "पन सायेब, दुसऱ्याच्या हातात नेऊन द्यायचंच काम आसलं, तर हितं कशाला ऱ्हायचं? घरी थोरला एकटा हाय. त्याला दिऊ दे की."

मुलगा हसला. खरोखरच हसला, बापाने चांगला टोला मारला म्हणून. मी जे सिद्ध केले होते, त्यावरूनच त्याने आपला निकाल काढला होता, आणि त्यात मला चूक दाखवता येत नव्हती.

"मास्तरांना भेटलास?" मी मुलाला विचारले.

"सकाळी भेटलो. रडले."

गाडी लागली. मुलाने पेटी टपावर चढवली आणि आत जाऊन बसला. बाप पायरीवर थांबला, त्याने कात्रणाची जुन्याच घडीवर घडी घालून ते खिशात ठेवले आणि मला नमस्कार केला.

"सायेब, तुमचं लिवलेलं सरकार वाचतंय म्हनत्यात. आमच्या बेंबळीच्या रस्त्याचंबी एकदा लिवा. ओढ्यापाशी गाडी रुतती."

मी लिहिले. चौथ्या दिवशी छापून आले.