यादीतलं पाचवं घर

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या कोल्हापूरला अचानक आपल्या जुनेपणाचं कौतुक वाटायला लागलं होतं. चैत्रात, पाडव्यानंतरच्या रविवारी, बाहेरगावच्या पाहुण्यांना शहरातली जुनी घरं हिंडून दाखवायची असं उत्सव समितीनं ठरवलं. समिती म्हणजे आम्ही सातआठ हौशी माणसं, आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त हेडमास्तर. त्यांना सगळं गाव सर म्हणायचं. मी तेव्हा शाळेत शिकवायला नुकतीच लागले होते. घरांची माहिती सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझा आवाज माईकशिवाय पलीकडच्या गल्लीत जातो. आमच्या घरात सगळेच तसे बोलतात.

यादीत चार घरं होती. पाचवं मी भांडून घातलं. आमचं.

"तुमचं घर जुनं कुठं हाय?" समितीतल्या एकानं विचारलं.

"आमच्यासाठी त्येच सगळ्यात जुनं," मी म्हटलं. "त्याच्या आधी आमचं असं काय हुतं, सांगा की!"

छप्पन सालच्या धर्मांतराच्या पुढच्या वर्षी माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी ते स्वतःच्या हातांनी उभं केलं. आजोबा शाहूपुरीत गुळाच्या पेठेत हमाली करायचे. व्यापाऱ्यांनी टाकून दिलेल्या खोक्यांच्या फळ्या जोडून त्यांनी पुढच्या खोलीला छत केलं. फळ्यांवर व्यापाऱ्यांचे काळे शिक्के तसेच राहिले. मी वाचायला शिकले ती जमिनीवर उताणी पडून, त्या छताकडं बघत. हे सगळं मी बैठकीत तावातावानं सांगितलं. सर म्हणाले, "घ्या की यादीत. वाचता येणारं छत दुसऱ्या कुणाकडं हाय?" त्या दिवशी मी सायकल हाणत घरी आले ती वाटेत दोनदा पडता पडता वाचले.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसऱ्याच दिवशी चुन्याचे डबे आणले. दार रंगवलं, उंबरा घासला, गल्लीतल्या घराघरांतून स्टीलचे पेले गोळा केले. पाहुण्यांना कैरीचं पन्हं, धपाटी, दही आणि खर्डा द्यायचा असं आईनं ठरवलं. आप्पांनी मला एवढंच विचारलं, "पावणं खातील न्हवं?"

हा प्रश्न साधा नव्हता. आप्पांची उभी हयात मिलमध्ये गेली. बरोबरचे लोक घरी यायचे, कट्ट्यावर बसून हसायचे, टाळ्या द्यायचे, आणि आईनं ताटली आणली की म्हणायचे, "नको वैनी, आत्ताच जेवून आलोय." वर्षानुवर्षं, ज्याला त्याला नेमकं आमच्या दारात आल्यावरच पोट भरलेलं असायचं. आप्पा ताटली आत नेऊन ठेवायचे आणि पुन्हा येऊन हसण्यात सामील व्हायचे. मला मात्र लहानपणीही त्या माणसांच्या चपला गटारात टाकाव्याशा वाटायच्या.

"खातील की!" मी म्हटलं. "मी सांगते न्हवं!"

रविवारी दुपारी बस आली. पुण्या-मुंबईची तिसेक माणसं, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. काय माझा उत्साह! पहिल्या घराची तुळई, खुंट्या, दिवळ्या, सगळं मी असं सांगितलं की घरमालकालाच ते नव्यानं कळलं. प्रत्येक घराला वीस मिनिटं द्यायची असं आम्ही ठरवलं होतं. पण समितीतली आम्ही सगळी कोल्हापूरची असून एक गोष्ट विसरलो. कोल्हापुरात घर नुसतं बघून कुणाला बाहेर पडता येत नाही.

पहिल्या घरात तांबडा-पांढरा रस्सा. "वाईच चव घ्या" म्हणत वाट्या भरल्या गेल्या. दुसरं घर पैलवानाचं, तिथं बदामाची थंडाई, तीही पैलवानाच्या मापाच्या तांब्यातून. तिसऱ्या घरात पुरणपोळ्या. "पावणं, आसं कसं? एक तरी घ्याच!" मी सुद्धा हसत होते, टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात एक पुण्याच्या बाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "आता घोटभर पाणीसुद्धा जाणार नाही हो."

ही माणसं अशीच आमच्या घरी येणार होती. आई ताटल्या आणणार होती, आणि हे हात जोडून म्हणणार होते, नको, पोट भरलंय. खरंच भरलेलं असणार होतं. पण आप्पांना ते कुणी पटवायचं?

मी सरांना बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला आणि रडूही आलं, रागाचं.

"आगं, पण लोकांनी खरंच खाल्लंय," सर म्हणाले. "त्यांचा काय दोष?"

"न्हायच दोष! पर आप्पांनी ह्ये वाक्य तीस वर्षं ऐकलंय, सर!"

सरांनी खिशातून पी.टी.ची जुनी शिट्टी काढून जोरात फुंकली. "मंडळी! इथनं पुढं बस न्हाय. पुढचं शहर चालत बघायचं!"

आणि त्या सत्तरीच्या माणसानं तिसेक पाहुण्यांना चैत्राच्या उन्हात रंकाळ्याच्या काठानं लांबचा वळसा घालून चालवलं. वाटेत जो दगड दिसेल त्याचा इतिहास सांगितला. माझी खात्री आहे, निम्मा तरी त्यांनी जागेवर रचला. टोप्या घामानं भिजल्या, कॅमेरे गळ्यात जड झाले. मी मागून मेंढरं हाकल्यागत सगळ्यांना हाकत होते आणि मनात म्हणत होते, चला, चला, जिरवा!

चौथ्या घराच्या काकी तांबड्या रश्श्याचं पातेलं घेऊन दारातच उभ्या होत्या. आता इथं पाहुण्यांना अडवायचं म्हणजे काकींच्या हातची थोबाडीत खायची तयारी हवी. मी पुढं होऊन म्हटलं, "काकी, आज काय वाढू नका."

"का? माझ्या दारातनं पावणं उपाशी जायाचं?"

"पुढचं घर आमचं हाय, काकी."

मी एवढंच बोलले. काकींनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या. "चल. म्या बी येते. सकाळपास्नं चुलीपाशीच हाय, पोटात काय न्हाय."

ऊन कलतं झालं तेव्हा आम्ही आमच्या गल्लीत शिरलो. आप्पा इस्त्रीच्या शर्टात दारात उभे. मी पुढच्या खोलीत छताखाली उभी राहून बोलायला लागले. माना वर गेल्या, शिक्के मोठ्यानं वाचले गेले, कॅमेरे खटाखट वाजले. माझं लक्ष मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडं होतं. आई पन्हं घेऊन बाहेर आली.

पेले क्षणात रिकामे झाले. "अजून मिळेल का?" त्याच पुण्याच्या बाई. धपाटी आली. काकींनी फरशीवर मांडी घातली आणि आईला म्हणाल्या, "खर्डा जरा हात सोडून वाढा की." सर तिसरं धपाटं मोडत होते. खर्ड्यानं नाकं वाहत होती, हात पुढं येत होते, आणि मग आईनं आतून मला खुणावलं. परात रिकामी होती.

"येवढीच केलीस?" मी कुजबुजले.

"ह्यांनीच सांगितलं," आई म्हणाली. "निम्मी माणसं नकोच म्हणतील, कशाला वाया घालवायचं."

कोल्हापुरात जेवण कमी पडणं म्हणजे तोंड दाखवायला जागा न उरणं. लोक लग्नं विसरतात, पण कुठल्या लग्नात रस्सा संपला ते विसरत नाहीत. मी भीत भीत आप्पांकडं बघितलं. ते आईच्या मागं येऊन त्या परातीकडं बघत होते. मग अनवाणीच बाहेर पळाले, आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून, दोन्ही हात वर करून, कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं ओरडले, "आवो, कमी पडलं! आमच्यात जेवाण कमी पडलं! भाकरी आणा कुणीतरी!"