मामीची वीस बोअर

मी इलेक्ट्रिकल इंजिनियर. दिवा लागला नाही तर आधी फ्यूज बघायचा, अशा घरात वाढलो. या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं चहाबरोबर वाचत आलो ते निव्वळ करमणूक म्हणून, त्यामुळे आज स्वतः लिहायला बसताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते लख्ख उन्हात झालं, आणि ऐकणारा मी एकटा नव्हतो... म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. परदेशी कंपन्या धडाधड भारतात येत होत्या. नोएडातल्या आमच्या फॅक्टरीनंही एका इंग्रज कंपनीशी जॉइंट व्हेंचर केलं आणि मला ट्रेनिंगसाठी इंग्लंडला जायचा चान्स मिळाला. तिथले साहेब मोठे हौशी. ट्रेनिंग संपलं की एक वीकएंड माझ्या शेतावर फेझंटच्या शिकारीला या, म्हणाले. फेझंट म्हणजे कोंबड्याच्या जातीचा, लांब शेपटीचा रानपक्षी. आपल्याकडे शिकारीला बंदी, तिकडे हिवाळ्यात परवानगी असते. बंदूक तेच देणार होते, फक्त कोणती हवी ते कळवा, असा त्यांचा फॅक्स आला. नळीचं माप बारा बोअर की वीस? नळ्या शेजारी-शेजारी की एकावर एक? खांद्याला टेकवायचा दस्ता किती लांबीचा?

मी दिवाळीतली टिकल्यांचं पिस्तूल सोडून काही हातात धरलेलं नव्हतं. फॅक्स घेऊन थेट करोल बागेत मामांकडे गेलो.

मामा फौजेतून मेजर म्हणून रिटायर झालेले. तरुणपणी पंजाबात, तराईत पोस्टिंग असताना तितराची शिकार करायचे. आणि मामीसुद्धा! स्वेटरवर पदर खोचून ही नागपूरची बाई पहाटे त्यांच्याबरोबर निघायची, आणि मामांपेक्षा तिचा नेम चांगला होता. तिच्यासाठी त्यांनी खास हलकी वीस बोअरची दुनळी घेतली होती. शिकारबंदी आली तेव्हा दोन्ही बंदुका कपाटात गेल्या. पुढे मामीला पॅरालिसिसचा अटॅक आला. त्यात तिची वाचा गेली ती गेलीच. शेवटची कितीतरी वर्षं ती फक्त डोळ्यांनी बोलायची. मी सांगतोय त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ती गेली.

मामी गेल्यापासून मामा घराबाहेर फारसे पडत नव्हते. फॅक्स वाचून मात्र खुर्चीत ताठ बसले.

"बंदूक बुटासारखी असते अजित. दुसऱ्याला छान दिसते म्हणून घ्यायची नाही. खांद्याला लागली की आपलीच वाटली पाहिजे. आणि हे असं गप्पा मारून कळत नाही, चालवावी लागते. रविवारी चौधरीच्या शेतावर जाऊ."

चौधरी म्हणजे मामांच्या युनिटमधले जुने सुभेदार. नोएडाच्या पलीकडे, यमुनेच्या खादरात, म्हणजे पुराचं पाणी येतं त्या काठच्या पट्ट्यात, त्यांची जमीन होती. आज तिथे टॉवर आहेत. तेव्हा मात्र सेक्टरचे नंबर लिहिलेले दगड, अर्धवट रस्ते आणि त्यांच्या मागे नदीपर्यंत पिवळीधमक मोहरी.

डिसेंबरातली सकाळ. धुकं विरून ऊन पडलेलं. चौधरींनी चारपाया टाकून ठेवल्या होत्या. "इधर कोई नहीं आएगा मेजर साब, सबको बोल दिया है," म्हणाले. मामांकडे एका हातानं चालवायचं, स्प्रिंगचं फेकयंत्र होतं. त्यातून ते मातीच्या तबकड्या नदीच्या दिशेनं उडवायचे, आणि मी त्या टिपायच्या.

आधी मामांची बारा बोअर घेतली. खांद्याला असा दणका बसला की डोळ्यांत पाणी आलं. एकही तबकडी फुटली नाही. चौधरी चारपाईवर पोट धरून हसत होते.

"जड पडतेय तुला," मामा म्हणाले. मग गाडीतून दुसरी केस घेऊन आले. "ही बघ. दस्ता आखूड होईल, पण बोअरचा अंदाज येईल."

मामीची बंदूक. मामांनी ती स्वतःच्या हातानं पुसली, एकच काडतूस भरलं आणि माझ्या हातात दिली. मामी जेमतेम माझ्या खांद्याएवढी. तिच्या मापाची बंदूक मला कशी बसावी? पण गालाला लावली आणि... बसली. पहिलीच तबकडी फुटली. दुसऱ्या काडतुसानं दुसरीही. मामा "शाब्बास!" म्हणून ओरडले. कित्येक महिन्यांनी मी त्यांचा तो आवाज ऐकत होतो.

पुढची तबकडी उडाली आणि वाऱ्यानं दबली. वर न जाता मोहरीच्या शेंड्यांवरून तिरकी खाली घसरत गेली. मी नेम तिच्यामागे नेला. नळ्या खाली, खाली... तबकडी नेमकी समोर आली आणि माझं बोट चापावर आवळलं.

"अजित, थांब रे!"

डाव्या कानाशी. अगदी स्पष्ट. मामीचा आवाज, आजारपणाच्या आधीचा, जरा दटावणीचा. लहानपणी गरम जिलबीला हात घातला की यायचा तसा. मी जागच्या जागी गोठलो.

आणि समोर, दगड भिरकावला तर लागेल इतक्या अंतरावर, मोहरी हलली. एक बाई उभी राहिली. डोक्यावर हिरव्या भाजीचा भारा, हातात विळा. पिकात बसून बथुआ, म्हणजे आपला चाकवत, खुडत होती बिचारी. माझ्या नळ्या सरळ तिच्या छातीवर होत्या.

"के हो गया चौधरी?" तिनं तिथूनच हाक मारली. "न्यूँ के देख रे हो?" असं काय बघताय, म्हणून.

चौधरी तिच्यावर ओरडत धावले. मामांनी बंदूक माझ्या हातातून काढून घेतली, उघडली. काडतूस बाहेर काढून तळ बघितला आणि माझ्यापुढे धरला. पितळेच्या मधोमध खळगा पडला होता. म्हणजे मी चाप ओढला होता. बंदूक चालली होती. काडतूस उडालं नव्हतं.

बाई दूर निघून गेल्यावर मामांनी तेच काडतूस पुन्हा भरलं आणि नदीकडे, आभाळात झाडलं. धाडकन उडालं. थंडीत ओल धरतं, पहिल्या ठोक्याला कधीकधी दगा देतं, असं मामा म्हणाले. ठीक आहे, काडतुसाचं मी मान्य करतो. इंजिनियर आहे, मिसफायर समजतो.

पण मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते मोहरीकडे बघत नव्हते, माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"तू ऐकलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली. ते चारपाईवर बसले आणि त्यांनी तोंड हातांत झाकून घेतलं. "किती वर्षांनी रे... किती वर्षांनी बोलली." फौजेतल्या त्या माणसाला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. चौधरींना विचारलं, तर त्यांनी कुठलाच आवाज ऐकला नव्हता.

मी इंग्लंडला गेलो, पण बंदूक धरणार नाही असं आधीच कळवलं. साहेबांनी कारण विचारलं नाही. त्यांच्या कुत्र्यांबरोबर चिखलात हिंडलो आणि परत आलो.

मामांशी या विषयावर बोलायची हिंमत मला बरेच दिवस झाली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी करोल बागेत चहा पीत बसलो होतो, तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"अजित, तुला त्या दिवशी नेमके काय शब्द ऐकू आले?"

"'अजित, थांब रे.' एवढंच."

मामांनी कप खाली ठेवला. "नक्की?"

"नक्की, मामा. का?"

"मला वाटत होतं आपण दोघांनी एकच ऐकलं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मला म्हणाली, 'अहो, थांबवा त्याला.'"

खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालले होते. एकच क्षण, एकच आवाज... आणि दोघांना दोन वेगळी वाक्यं. धक्क्यानं मनाचा खेळ होतो, आठवणीतला आवाज कानात वाजतो, हे मला मान्य आहे. पण एका माणसाच्या बाबतीत. इथे दोघं होतो, आणि ती बाई तर आम्हा दोघांनाही अजून दिसलेलीसुद्धा नव्हती.

शेवटी मामाच हसले, ओल्या डोळ्यांनी. "दोघांना वेगवेगळं सांगावं लागलं तिला. माझ्या एकट्याच्या भरवशावर तिनं कधी काही सोडलं नाही."

आता मामाही नाहीत. ती बाई कोण होती, तिचं नाव काय, हे मी कधी विचारलं नाही. तिलाही त्या सकाळी काय झालं ते ठाऊक नसणार. भाजी घेऊन ती घरी गेली, एवढंच मला नक्की माहीत आहे. बाकीचं मला आजही कळलेलं नाही.