सुरमईची गाळलेली नोंद

डॉ. शकुंतला नाचणकर मॅडमना मी प्रथम भेटलो ते पाच-सहा वर्षांपूर्वी, रत्नागिरीतल्या त्यांच्या मत्स्य प्रयोगशाळेत. बारावी अर्धवट सोडून मी टंकलेखनाच्या कामासाठी गेलो होतो.

"अर्जाच्या तीन प्रती कशाला?" त्यांनी विचारले.

"एखादीत चूक राहिली तर, मॅडम."

"मग ती तिन्हींत राहील," म्हणाल्या, आणि हसून कामावर घेतले.

काम याद्यांचे होते. मुंबईतले मास स्पेक्ट्रोमीटर यंत्र माशाच्या प्रथिनाचे तुकडे तोलते. ते तुकडे कोणत्या माशाचे, हे आमचा संगणक प्रथिनांच्या यादीशी ताडून सांगतो. यादीत एकेका माशाचे प्रथिन अक्षरांच्या एका ओळीत लिहिलेले असते. यादीत मासाच नसेल, तर त्याच्या जवळच्या नातलगाचे नाव येते. म्हणून मॅडम स्वतः जेटीवर जाऊन, कोळणींची बोलणी खाऊन, मासा खात्रीने ओळखून घेत.

एकदा जयगडचे व्यापारी हसनमियाँ यांच्या सुरमईच्या लोणच्यात स्वस्तातला कुपा मासा असल्याची तक्रार आली. आमचे उत्तरही 'कुपा' असेच निघाले. अहवालावर सही व्हायची होती तेवढ्यात हसनमियाँ येऊन उभे राहिले.

"मॅडम, हा कागद गेला तर माझा धंदा बुडाला. तुमचं मशिन कधी मासे खातं तरी काय?"

मॅडमनी पेन खाली ठेवले आणि यादी उघडली. सुरमईची नोंदच नव्हती. मी पुढे झालो.

"मी काढली, मॅडम. कुप्याच्या ओळीसारखीच होती. दोनदा आली असं वाटलं."

"चार अक्षरं वेगळी होती हो त्यात. सुरमई तेवढ्यावरच ओळखायची."

नोंद परत घातली. मोजणी तीच, उत्तर मात्र 'सुरमई'.

दुसऱ्या दिवशी मॅडम एसटीने अहवाल घेऊन स्वतः जयगडला गेल्या, मलाही नेले. "यादीत माझी चूक होती," एवढेच त्या म्हणाल्या. मला राहवले नाही. ती माझी होती, हे मी सांगितले.

हसनमियाँ म्हणाले, "असू दे रे. माझ्या जावयाला अजून तव्यावरची सुरमई ओळखता येत नाही." मग जेवल्याशिवाय सोडले नाही. निघताना मॅडमनी यादीसाठी कच्च्या सुरमईचा तुकडा तेवढा मागून घेतला.

तेव्हापासून दोघांनी पाहिल्याशिवाय आमच्याकडे एकही ओळ गाळली जात नाही. आणि यादी अजून माझ्याकडेच आहे.

आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. आमच्या चुका स्वतःच्या नावावर घेणाऱ्या मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यांना घ्याव्या लागतील अशा चुका आमच्या हातून कमी होवोत.