यादीतला शेवटचा स्वल्पविराम

दादाला मुंबईत कॉम्प्युटरच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा साठ साल उलटून गेलं होतं. ते यंत्र म्हणजे काय, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. "मशीनला लिवायला शिकवतो," असं आई सांगायची. मला मात्र कळायचं, कारण शनिवारी रेवसच्या लाँचने आला की दादा आपले अडलेले कागद माझ्यापुढे टाकायचा. मी मॅट्रिक झाले होते आणि गणितात त्याला भारी होते. "तुला आमच्या ऑफिसात चिकटवतो," असा त्याने शब्द दिला होता. त्या शब्दावर मी दोन स्थळं नाकारली.

एकदा त्याने एक यादी आणली. मशीनसाठी भोकं पाडलेल्या एकेका कार्डावर एकेक नाव; ती सगळी जोडून एकच ओळ करायची, मध्ये स्वल्पविराम. त्याचा प्रोग्राम प्रत्येक नावानंतर स्वल्पविराम टाकायचा, त्यामुळे शेवटच्या नावानंतरही एक उगाच लोंबत राहायचा. दादा डोकं धरून बसला.

मी आईबरोबर पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत होते. "नंतर टाकतोसच कशाला?" मी म्हटलं. "हे बघ. पहिला कांदा नुसता धरायचा. पुढचा प्रत्येक आपल्या पातीचा पीळ घेऊन येतो न् आधीच्याला जोडतो. तू स्वल्पविराम नावाच्या आधी लाव, पहिलं सोडून."

त्याने माझ्या हाताकडे बघत बघत सगळं उतरवून घेतलं.

"आन् यादीत एकपन नाव न्हाय, असं झालं तर?" मी विचारलं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेही त्याने लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात त्याचे साहेब आमच्याकडे पाहुणे आले. ओटीवर बसून आईला म्हणाले, "तुमच्या मुलाची युक्ती आता सगळे वापरतात. यादी रिकामी असली तर काय, तेही सुचलं पठ्ठ्याला!" दादा चक्क लाजला. मी शहाळी सोलत होते, हातात कोयता होता. राग गिळला. युक्ती गेली तर गेली, नोकरीचं तेवढं निघू दे, असं मनात म्हणत राहिले.

ते साहेबांनीच काढलं. "कार्डं पंच करायला मुली हव्यात. तुमच्या घरात कुणी शिकलेली आहे का?"

"नाही साहेब," दादा म्हणाला. "आमच्यात मुलींना कोण शिकवतंय?"

माझ्या मॅट्रिकचे पेढे ह्यानेच गावभर वाटले होते.

"साहेब, मी मॅट्रिक आहे," मी म्हटलं.

दादा हसला. "थट्टा करतेय. लाडावलीय जरा."

मी आईकडे पाहिलं. तिने आधी दादाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "व्हय, लय लाडावलीय," ती म्हणाली.

साहेबही हसले आणि पाणी पिऊन झालेलं शहाळं त्यांनी माझ्यापुढे धरलं, मलई काढून द्यायला. मी काढून दिली.