पाणीगेटच्या मराठी गटाची गळती

रमाकांत सुर्वे सर गुजरातेतल्या पाणीगेटच्या पालिका शाळेत बावीस वर्षं मराठी माध्यमाला शिकवत होते, आणि तेवढ्या काळात ते माध्यम आटत आटत एका मुलीवर आलं होतं. बारावीत उरली ती एकटी मोहना. वडील वाघोडियाच्या कारखान्यात फिटर, मुलगी गणितात तरबेज.

त्या वर्षी शिक्षण कचेरीच्या मनात आलं, पालिकेची मुलं कॉलेजसाठी किती तयार आहेत ते मोजायचं. एकेकाला नव्हे, प्रत्येक शाळेत माध्यमाच्या गटागटाने: गुजराती, हिंदी, मराठी. ज्या गटाची सरासरी साठच्या वर, त्या मुलांना कॉलेजची फी माफ. मोहनाच्या घरी कॉलेजचा विषय निघाला की तिचा बाप पगाराचे आकडे मोजायला लागायचा, म्हणून सरांनी तिचं नाव तातडीने भरलं. संगणकाने ते परत पाठवलं. गटात चार जण तरी हवेत!

सरांनी कचेरीत फोन लावला. "अहो, मुलगीच एक आहे."

"एवुं न चाले, मास्तर," पलीकडून कारकून धवलभाई म्हणाले. "ग्रुप एटले ग्रुप. माणसं भरा ने!"

सर जन्मात कुणा साहेबाला उलट बोलले नव्हते. हा तर नुसता कारकून, तरी त्यांनी माणसं भरली. स्वतः, शिपाईबाई येसूबाई आणि वॉचमन सुभानराव. वय विचारायचं संगणकाला सुचलंच नव्हतं. परीक्षेला चौघं ओळीने बसले. सुभानराव चष्मा विसरले होते. गटचर्चेचा विषय वसतिगृह निघाला, तर फाटक नऊलाच बंद झालं पाहिजे, यावर ते तावातावाने अडून बसले. 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?' या प्रश्नाला सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'निवृत्त'.

मोहना पंच्याण्णव, येसूबाई पंचेचाळीस, सर चाळीस, सुभानराव तीस. सरासरी साडेबावन्न. गट कॉलेजसाठी तयार नाही.

मोहना पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिली. सरांना वाटलं, पोर एकटी सहज तरली असती, तिला आपण तिघांनी मिळून बुडवलं!

मग त्यांनी नियमांची बत्तीस पानं काढून वाचली. चार जणांची अट फक्त नाव भरताना होती, आणि शाळा मध्येच सोडलेल्यांचे गुण सरासरीत धरत नव्हते. झालं! तिघांनी शाळा सोडल्याचे अर्ज दिले. सरांनी स्वतःचा अर्ज विद्यार्थी म्हणून लिहिला आणि वर्गशिक्षक म्हणून मंजूर केला. गटाची सरासरी पंच्याण्णव झाली.

आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. मराठी गटाची गळती पंचाहत्तर टक्के आहे. वर्गशिक्षकाने प्रत्येकाच्या घरी जाऊन समजूत काढावी, कारण लिहून आणावं. नाहीतर गट रद्द, फीमाफीही रद्द.

सर घरी गेले, स्वतःची समजूत काढली आणि विद्यार्थी ऐकत नसल्याचं लिहिलं. साक्षीदार म्हणून बायकोने सही केली. सुभानरावांनी कारण सांगितलं, झोप पुरत नाही. राहिली येसूबाई. सर गोरव्याला तिच्या खोलीवर गेले. तिने चहा ठेवला.

"बोला येसूबाई, शाळा का सोडली? काय लिहू?" सरांनी हसत विचारलं.

येसूबाई हसली नाही. "नववीत सोडली. आई अंथरुणाला खिळली, धाकटी दोघं होती. वाटायचं, शाळेतून कुणीतरी येईल, आईला समजावेल. पंधरा दिवस वेणी घालून दारात बसायचे मी."

सरांनी पेनाला टोपण घातलं.

"कुणी आलं नाही. घरी आलेले तुम्हीच पहिले." तिने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "आता आलाच आहात, तर काढा की समजूत."

ती गटात परतली तरी सरासरी सत्तर भरत होती. सरांनी तो कारणाचा कागद घडी करून खिशात घातला आणि खरोखरच समजूत काढायला सुरुवात केली.