तिसरा खवला

निश्मिता शेट्टी आता मंगळूरला प्राणिशास्त्र शिकते. हा नाद तुला कुठून लागला, असं तिथले मास्तर तिला विचारतात म्हणे. ती काय थापा मारत असेल ते असो, खरं काय ते माझ्या दुकानाला विचारा. बसथांब्यासमोर सोडा, केळी आणि विड्याची पानं विकत माझा जन्म गेला, आणि या पोरीचे सगळे उद्योग माझ्या डोळ्यांदेखत झालेत.

लहानपणी ती सुपारीच्या बागेत तासन् तास उताणी पडलेली असायची. वर खोडांवर उडते सरडे. एका झाडावरून सुटायचं, पोटाची झालर पसरायची आणि पलीकडच्या झाडाला जाऊन चिकटायचं. सुपारी उतरवणारे गडी तिला ओलांडून जात. तिची आई गिरिजक्का शोधत शोधत माझ्याकडे यायची. "लोकय्यण्णा, आमचं भूत दिसलं का?" मी नुसता बागेकडे हात करायचो.

एकदा तिनं घुबडाच्या ढोलीखालून गोळ्या वेचून आणल्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस, हाडं ओकून टाकतं, त्या गोळ्या. त्यातले जबडे नीट लावून ठेवायला तिला कप्पे असलेला डबा हवा होता, आणि तसा डबा घरात एकच, मोनप्पामामांचा पानाचा. मामांनी माझ्याच बाकड्यावर बसून तो उघडला आणि न बघता चिमूट तोंडात टाकली. बराच वेळ चावून म्हणाले, "लोकय्या, तुझी सुपारी हल्ली फार कडक येते." मी डब्यात डोकावलो आणि आत जाऊन पोट धरून हसलो.

आमच्याकडे घर मामाच्या शब्दावर चालतं. मोनप्पा शेट्टी म्हणजे तर शब्दाआधी मिशी येणारा माणूस. पोर बारावी झाली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, कॉमर्स करायचं आणि बँकेत चिकटायचं. "सरडे बघायला कॉलेज कशाला? बागेत फुकट आहेत." मामांनी सही केल्याशिवाय गिरिजक्का फॉर्मला हात लावायला तयार नव्हती. महिनाअखेरीस मुदत संपणार होती. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला ते बघवत नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला मी काय तिचा मामा?

अशात एका सकाळी मामा स्कूटरवरून बांगडे आणायला निघाले आणि माझ्या दुकानासमोरच त्यांच्या चाकाखाली साप आला. तपकिरी, लांबलचक. मधोमध चिरडला, जागीच मेला. फण्याचं चिन्हबिन्ह काही दिसेना.

"धामण आहे," मामा स्कूटरवरून उतरायच्या आधीच म्हणाले.

धामण असेल तर गोष्ट मिटली, शेपटी धरून खड्ड्यात टाकायची. नाग असेल तर मात्र घरचं माणूस गेल्यासारखं सगळं करावं लागतं. अग्नी, सुतक, गावजेवण. ते टाळलं तर पुढच्या पिढ्यांना भोगायला लागतं, हे आमच्यात दूधपित्या पोरालाही ठाऊक. थांब्यावरचे सुब्रायभट्ट लांबूनच म्हणाले, "शेट्टरे, नाग असला तर तुम्हीच कर्ते. मासे बंद आणि मिशी उतरवायची."

मामांचा हात मिशीकडे गेला. चारचौघांनी माना हलवल्या, "धामणच दिसते." शेट्टींना दुखवणार कोण? पण दोघं तिघं कुजबुजायला लागले, आणि कुजबुज एकदा सुटली की गावभर होते. तेव्हा मामा म्हणाले, "माझ्या भाचीला बोलवा. ती असल्या घाणीत हात घालते, ती सांगेल."

निश्मिता पळत आली. मामांनी तिला माझ्या दुकानामागे फणसाखाली नेलं. मी सोड्याच्या रिकाम्या बाटल्या आवरत होतो. त्या आवरलेल्याच होत्या, पण माझे कान कामाला होते.

"हे बघ," मामा हळू आवाजात म्हणाले, "बाहेर जाऊन धामण म्हण. संध्याकाळी तुझ्या सरड्यांच्या कॉलेजावर सही करतो."

साप तर मेलाच होता, आता काठीही मोडायला नको होती. मी मनात म्हटलं, म्हण गे बाई, तुझं काय जातं?

ती बाहेर आली आणि रस्त्यावर पालथी पडली. गाल मातीला टेकवून तिनं सापाचा ओठ काडीनं उचलला. बघत राहिली. उठली तेव्हा डोळे भरले होते.

"नाग आहे."

"परत बघ," मामा म्हणाले.

तिनं परत बघितलं. "मामा, वरच्या ओठाचा तिसरा खवला नाकपुडीलाही टेकलाय आणि डोळ्यालाही. धामणीचा टेकत नाही. तुमच्या मिशीची मलाही काळजी आहे हो, पण खवला ऐकत नाही."

कुणी हसलं नाही. मी मात्र हसू दाबायला केळ्याचा घड खांद्यावर घेतला.

मामांनी नागाला अग्नी दिला. मिशी गेली आणि खालून एक भलताच गरीब माणूस निघाला, गावच्या कुत्र्यांनीसुद्धा ओळखला नाही. नेमके त्याच आठवड्यात बांगडे उतू गेले. टोपल्या समोरून जायच्या आणि मामा दुधीची भाजी जेवून माझ्या बाकड्यावर सुस्कारे टाकायचे. भाचीशी बोलणं बंद. ती तोंड मिटून पाणी भरायची, बागेकडे फिरकायची नाही. मुदत जवळ येत होती.

सुतक फिटलं, गावजेवणाच्या पंगती बसल्या. तेवढ्यात पलीकडच्या गावचे शीनप्पा राय गोणपाटात गुंडाळलेला साप घेऊन आले. त्यांच्या गड्याचा कोयता चुकून लागला होता. राय घामाघूम. "पोरी, सांग गे."

निश्मितानं पंगतीबाहेर नेऊन ओठ उचलला. "धामण आहे. पुरून टाका."

रायांचा विश्वास बसेना. "खरंच ना? का माझं मन राखायला म्हणतेस?"

तेव्हा पानावरून मामा गरजले. "राय, जिनं सख्ख्या मामाची मिशी ठेवली नाही, ती तुमची कसली भीड धरणार? तिनं धामण म्हटलं म्हणजे धामणच." एवढं बोलून ते थांबले. स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारखे पानाकडे बघत राहिले. पायसम वाढणारा वाढप्या तिसऱ्यांदा विचारत होता, त्याचीही मामांना शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसला दोघं माझ्या दुकानासमोर उभे. मामांच्या खिशात पेन, पोरीच्या हातात पिशवी. मी दोन केळी दिली.  मामा रस्त्याकडे बघत खाकरून म्हणाले, "तो तिसरा खवला नक्की कुठं असतो गे?"

तिनं इकडेतिकडे बघितलं आणि मामांच्या उघड्या वरच्या ओठावर, नाकपुडीच्या खाली, बोट टेकवलं.

"इथं. पण तुमची मिशी असती तर दाखवता आला नसता."